पोरांना बांधकाम कसं दाखवायचं, आपल्या सोलापुरात

आमच्या शेजारच्या प्लॉटवर जेसीबी आला त्या सकाळी माझा साडेचार वर्षांचा मुलगा दुधाचा कप तसाच ठेवून खिडकीत जाऊन उभा राहिला, तो थेट जेवायलाच हलला. जुळे सोलापूरला राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही, इकडं गल्लीत एक तरी घर कायम चालूच असतंय आणि आपण मोठी माणसं धूळ येते म्हणून खिडक्या लावून घेतो. त्या घराचं पुढं आठ-नऊ महिने काम चाललं आणि तेवढ्या काळात माझा मुलगा आणि त्याची सात वर्षांची ताई दोघं मिळून जे शिकले ते बघून मला वाटलं की हे लिहून काढावं, कारण ह्याला खर्च जवळजवळ काही नाही, फक्त आपण थोडा वेळ थांबलं पाहिजे.

आधी एक सांगते. आपण पोरांना तयार इमारत दाखवतो, ही बघ किती उंच, हा बघ कळस, झालं, फोटो काढला आणि निघालो. त्यातून पोराला काही हाती लागत नाही. बांधकाम कळतं ते अर्धवट असताना नाहीतर पडझड झालेलं असताना, कारण तेव्हाच आतलं दिसतं. आणि कुठंही गेलात तरी एकच प्रश्न विचारायचा, "ह्याचं वजन कुठं जातंय?" बास. उशांचा मनोरा असो नाहीतर विजापूरचा गोल घुमट, प्रश्न तोच. पोरं सुरुवातीला काहीही उत्तर देतात, आमचा म्हणायचा आकाशात जातंय, तरी दुरुस्त करायची घाई करू नका, विचारत राहा.

सुरुवात घरातून आणि अंगावरून. बाबांनी गुडघ्या-हातावर ओणवं व्हायचं, पाठीवर पोरगं बसवायचं आणि विचारायचं वजन कुठं गेलं? पाठीवर, मग हातापायात, मग फरशीत. आता बाबांनी एक हात उचलायचा. पोराला लगेच कळतं की खांब काढला की काय होतं. मग कमान करा: दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, तळवे एकमेकांना टेकवायचे आणि पाय मागं मागं नेत एकमेकांवर रेलायचं. तिसऱ्यानं वरून तळव्यांवर हलकं दाबायचं. दोघांचे पाय बाहेरच्या बाजूला घसरायला लागतात, आणि दोन पोरं त्या पायांच्या मागं टेकून बसली की कमान पक्की होते. जुन्या वाड्याच्या कमानीला दोन्ही बाजूला एवढ्या जाड भिंती का असतात ते ह्याच्याहून सोप्या रीतीनं मला तरी सांगता आलं नसतं.

कागदाचा खेळ पण करा. वहीचं पान उभं धरलं तर स्वतःचंच वजन पेलत नाही, तेच गुंडाळून नळी केली, रबर लावलं आणि अशा चार नळ्या उभ्या करून वर पुठ्ठा ठेवला की त्याच्यावर पुस्तकं राहतात. किती राहतात ते पोराला मोजू दे. आमच्याकडं अकरावं पुस्तक ठेवताना एक नळी दुमडली आणि सगळं खाली आलं. पडलं की पोरं हसतात, पण त्याच वेळी "कुठली नळी आधी वाकली?" असं विचारलं की दुसऱ्यांदा ती डोळे बारीक करून बघतात. दोन-तीन वर्षांच्या लेकरांना हे जमणार नाही, त्यांना डबे रचू दे आणि पाडू दे, पाडणं हाच त्यांचा अभ्यास आहे, त्यात व्यत्यय आणू नका.

आता स्लॅबची गोष्ट, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला स्वतःला हे पोरांबरोबरच कळलं. दोन वाट्यांवर एक कडक भाकरी आडवी ठेवा, आपली ज्वारीची, आणि मधोमध बोटानं दाबा. कट्‌कन मोडते. (मोडलेली शेंगाच्या चटणीबरोबर खाऊन टाकायची, वाया नाही घालवायची.) का मोडली? ते बघायला आंघोळीचा जाड स्पंज घ्या, त्याच्या लांब बाजूवर स्केच पेननं उभ्या रेघा मारा, जवळजवळ, वरपासून खालपर्यंत. मग तो दोन वाट्यांवर ठेवून मध्ये दाबा आणि पोराला बाजूनं बघायला लावा. रेघा वर जवळ येतात आणि खाली फाकतात. म्हणजे वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाबलेलं भरपूर सोसतं पण ताणलेलं सोसत नाही, तिथं ते फाटतं, म्हणून स्लॅबच्या मधल्या भागात सळई खालच्या अंगाला टाकतात. आता स्पंजचं एक टोक टेबलावर घट्ट धरा आणि दुसरं टोक बाहेर काढून दाबा, आता रेघा वर फाकतात. ही झाली गॅलरी किंवा छज्जा, तिथं मुख्य सळई वरच्या अंगाला पाहिजे. माझ्या मुलीनं हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मिस्त्री मामांना रस्त्यावरूनच ओरडून विचारलं, "मामा, गॅलरीची सळई वर टाकली ना?" मामा थांबले, खाली आले आणि तिला सळयांच्या खाली ठेवायचा सिमेंटचा छोटा ठोकळा हातात दिला, म्हणाले ह्याला कव्हर ब्लॉक म्हणतात बाळ, हा नसला तर सळई खालच्या साच्याच्या पत्र्यावर टेकते आणि मग तिच्याखाली काँक्रीट जात नाही, उघडी राहून गंजते. तो ठोकळा अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

इथंच साइटवर जायचे नियम सांगून टाकते, कारण ह्यात ढिलाई नको. न विचारता आत शिरायचं नाही, मालकाला आणि मिस्त्रींना दोघांनाही विचारायचं. मी पहिल्यांदा तसं केलं नव्हतं, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीचा साचा बांधायचं काम, चालू असताना पोराचा हात धरून सरळ आत गेले आणि खिळ्यांची फळी त्याच्या चपलेत घुसली, पायाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून आमचं ठरलंय, बघायचं ते रस्त्याच्या पलीकडून, बूट घालून, आणि आत जायचं तर फक्त काम बंद असताना, मोठ्या माणसाबरोबर, जिना-सज्जा-लिफ्टच्या खड्ड्यापासून लांब. पाण्याचा हौद आणि नवीन खणलेले खड्डे हे सगळ्यात वाईट, लहान पोरासाठी दोन फूट पाणीसुद्धा खूप असतं. ओलं सिमेंट आणि चुना हातात द्यायचा नाही, दोन्हीनं कातडी भाजते, लागलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. आणि एप्रिल-मेमध्ये जायचं तर सकाळी नऊच्या आत, आपल्याकडचं ऊन काय असतंय ते मी सांगायला नको.

स्लॅब टाकायचा दिवस मात्र चुकवू नका. आधी विचारून ठेवा कधी आहे. मिक्सरचा आवाज, घमेल्यांची साखळी, खालून वर हात बदलत जाणारं ओलं काँक्रीट, एकदा सुरू केलं की मध्ये थांबत नाहीत, संपेपर्यंत चालतं. पोराला सांगा की सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं, म्हणजे तुझ्यासारखी तीन पोरं, आणि ते मामा पाठीवर घेऊन जिना चढतात. आम्ही त्या दिवशी सगळ्यांसाठी ताक केलं होतं, मुलानं पेले नेऊन दिले. ह्या लोकांची ओळख पोराला झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि सोलापुरात तर त्यांच्यात मराठी, कानडी, तेलुगू सगळं चालू असतं. वीट हाच शब्द घ्या, कानडीत इट्टिगे, तेलुगूत इटुक, माझ्या पोरांना तिन्ही येतात आणि ती साइटवरूनच आलीत, शाळेतून नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. स्लॅबवर वाळूची नाहीतर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलेलं असतं, खांबांना गोणपाट गुंडाळलेलं असतं. पोरांना (आणि खरं तर बऱ्याच मोठ्यांना पण) वाटतं सिमेंट वाळून कडक होतं. तसं नाही, सिमेंटला कडक व्हायला पाणीच लागतं, उन्हात लवकर वाळलं तर ते कच्चं राहतं. घरी करून बघा, पण कालवायचं काम तुम्ही करा, हातमोजे घालून. थोडं सिमेंट, थोडी वाळू, आईस्क्रीमच्या दोन कपात भरा, दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर काढा, एक बादलीत पाण्यात बुडवून ठेवा आणि एक गच्चीवर उन्हात. आठवड्यानं दोन्हीवर खिळा घासा. उन्हातल्याची भुकटी निघते, पाण्यातल्यावर नुसता ओरखडा. "पाणी मारलं का?" हा आपल्याकडं घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असणारा प्रश्न आहे, तो पोराला असा समजतो.

हत्यारं सगळी घरी बनतात. दोऱ्याला नट बांधला की झाला ओळंबा, घरातला प्रत्येक दरवाजा सरळ आहे का तपासायला लावा, दोन तास शांतता मिळेल. हार्डवेअरच्या दुकानातून पाच-सहा मीटर पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, हवेचे बुडबुडे सगळे घालवा, एक टोक ताईकडं हॉलमध्ये आणि एक दादाकडं स्वयंपाकघरात, दोन्हीकडं पाण्याची पातळी एकच राहते, मधली भिंत दिसत नसली तरी. त्या खुणेला पेन्सिलनं रेघ मारायची, हीच मिस्त्रींची लेव्हल. सात-आठ वर्षांचं असेल तर दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून ३, ४ आणि ५ भागांचा त्रिकोण ताणून दाखवा, ३ आणि ४ च्या मधला कोपरा बरोबर काटकोन येतो, खोलीची आखणी अशीच करतात. विटा काडेपेटीच्या साच्यात पाडा, माती, थोडा भुसा, पाणी, आणि रचताना सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही एवढंच सांगा. मग एकदा मुद्दाम सांधे एकावर एक येऊ द्या आणि बाजूनं ढकलून बघा, भिंत उभी चिरते.

आता पायाची गोष्ट, आपल्या जमिनीची. सोलापूर भागात काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मिस्त्री खणत खणत मुरूम लागेपर्यंत जातो. दोन डबे घ्या, एकात काळ्या मातीचा घट्ट चिखल, एकात ओला मुरूम चोपून, दोन्हीवर काडेपेटीचं घर ठेवा आणि गच्चीवर उन्हात सोडून द्या. काळी माती आधी डब्याच्या कडा सोडते, मग मधून तडकते, आणि काडेपेटी एका बाजूला कलते. मुरुमावरची जिथल्या तिथं. परत पाणी घाला, माती परत फुगते. माझा मुलगा रोज शाळेतून आला की दप्तर न काढता आधी गच्चीवर जाऊन डबे बघायचा. ह्याच्यानंतर गावातल्या एखाद्या घराला कोपऱ्यातून तिरकी भेग दिसली की तो स्वतःच म्हणतो काळ्या मातीवर बांधलंय वाटतं. प्रत्येक भेग त्याचीच असते असं नाही, पण विचार बरोबर दिशेनं चाललाय.

आजोळ खेड्यात असेल तर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर शोधा, आता कमी राहिलीत म्हणून लवकर शोधा. आमच्या आजोळचं मंगळवेढ्याकडचं, अर्धं पडलंय, आणि पडलंय म्हणूनच सगळं दिसतं. खाली लाकडी खांब, त्यावर तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, त्यावर काड्या नाहीतर फळ्या, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मुलाला मी विचारलं वजन कुठं जातंय, तर तो खाली बसून खांबाच्या बुडाशी असलेल्या दगडाला हात लावून म्हणाला, "इथं. म्हणून दगड ठेवलाय." आणि खरंच, लाकूड मातीत गेलं की वाळवी लागते, तो दगड त्यासाठीही असतो. एवढी माती डोक्यावर असल्यानं मे महिन्यात आत कसं गार लागतं ते सांगू नका, दुपारी दोन वाजता आधी पत्र्याच्या शेडमध्ये दोन मिनिटं उभं करा आणि मग माळवदाखाली न्या. पडक्या भागाखाली मात्र अजिबात नको, ते बाहेरूनच.

मंगळवेढ्याला गेलात तर चोखोबांची गोष्ट पोरांना सांगाच. संत चोखामेळा मंगळवेढ्यात गावकुसाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीच्या कामावर होते, १३३८ साली ते कूस ढासळलं आणि इतर मजुरांबरोबर तेही त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वाराजवळ त्यांची समाधी आहे, ही गोष्ट आपण ऐकलेली असते, पण ते भिंत बांधत होते हे आपण पोरांना सांगत नाही. मी सांगितलं तेव्हा मुलीनं विचारलं त्यांना हेल्मेट नव्हतं का. मग शेजारच्या साइटवरच्या मामांना पण नाही हे तिनंच दाखवलं. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी मालकांशी बोलले, दोन हेल्मेट आली, सगळ्यांना नाही आली.

शहरातच फिरायचं तर भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करा, एका अंगाला सिद्धेश्वर तळं आणि बाकी बाजूंनी खंदक. किल्ला बहामनी काळातला, पण पोराला राजवट नको, दगड हवेत. तटाला पाठ लावून उभं करा, वर बघायला सांगा, खालचे दगड मोठे की वरचे? दोन दगडांच्या मध्ये काय भरलंय? बुरूज खाली रुंद आहे की वर? दरवाजातून सरळ आत घुसता येतं की वळावं लागतं? हे सगळं पावलांनी मोजायचं, वहीत रेघोट्या मारायच्या. बाहेर आल्यावर तळ्याकाठी बसून सांगा की तळंसुद्धा बांधकामच आहे, सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन ते खोदलं असं आपण मानतो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाणाऱ्या पोराला हे नक्की आवडतं. पाणी अडवायची गोष्ट पुढं न्यायची असेल तर तुळजापूर रोडला हिप्परग्याचा एकरुख तलाव, १८७१ चा, मातीचा बांध. वाळूत बांध घालून पाणी सोडा, कुठून फुटतो ते बघा आणि मग तिथं जाऊन बांध खाली किती रुंद आहे ते बघा.

इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेची जुनी इमारत, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली, तिथं बाहेरून एकच खिडकी निवडून चित्र काढायला सांगा, सगळी इमारत काढायला सांगितली की पोरं कंटाळतात. कुंभारीकडं गेलात तर कामगारांच्या रे नगरची घरं दिसतात, ३० हजार घरांची योजना, पहिली १५ हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. एकसारख्या इमारतींच्या रांगाच रांगा बघून आमच्या मुलाचा प्रश्न होता की मग आपलं घर कसं ओळखायचं, त्यावर ताईनं दारावरचं तोरण दाखवलं.

एका दिवसाची मोठी सहल करायची तर हैदराबाद रोडनं नळदुर्ग, साधारण पन्नास किलोमीटर. बोरी नदीवर बांध आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर आणि मादी नावाच्या दोन्ही धबधब्यांतून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो, हे पोरानं एकदा तरी अनुभवावं, फक्त त्या दिवसात गर्दी आणि निसरडं असतं, हात सोडू नका. विजापूर शंभर किलोमीटरवर. गोल घुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला, घुमटाचा बाहेरचा व्यास साधारण ४४ मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. जायच्या आधी घरी नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून पोराला तिच्यावर उभं राहायला सांगा, हात धरून. फुटत नाही. मग तिथं आत मधोमध चटईवर उताणं झोपवून, परवानगी असेल तिथं, वर बघायला लावा आणि आपला प्रश्न विचारा. एकमेकांना छेदणाऱ्या कमानी दिसल्या की बोट आपोआप कमानीवरून खाली भिंतीकडं येतं. वरचा कुजबुजीचा सज्जा मस्त आहे पण जिने अरुंद आणि चढ खूप, पाचच्या आतलं पोरगं असेल तर खालूनच बघा, काही बिघडत नाही.

आणि जे घर तुम्ही पायापासून बघितलं त्याच्या वास्तुशांतीला पोरांना न्यायला विसरू नका. आमच्या शेजारी जेवणाची पंगत चालू होती, सगळीकडं रंग, फरशी, झुंबर, आणि माझा मुलगा हॉलमधल्या खांबाला हात लावून उभा. घरमालकीणबाई म्हणाल्या काय रे, रंग आवडला का? तो म्हणाला, "काकू, ह्याच्या आत आठ सळया आहेत, मी मोजल्यात."